जितेपणी बसायला येणारी काकी

द्रुपदाकाकी गेल्याची बातमी आमच्या घरात सगळ्यात शेवटी मला कळली. सकाळीच निरोप आला होता, पण सुनीतानं, माझ्या बायकोनं, माझा फोन पिठाच्या डब्यामागं दडवला आणि तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, सांगायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं. मी शाळेला निघालो तेव्हा मात्र दोघांचाही नाइलाज झाला. सुनीता म्हणाली, "बसा जरा. काकी गेली. झोपेतच गेली." आणि दोघं माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. भीती एकच होती, सहा वर्षांपूर्वीचा माझा आजार या धक्क्यानं परत येतो की काय. मलाही ती होती, खोटं कशाला बोलू... मी ढसाढसा रडलो. मग तोंड धुतलं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला भूक लागली. आजारात मला ना रडू येत होतं, ना भूक लागत होती. हे नुसतं दुःख होतं, माणूस गेल्यावर सगळ्यांना होतं तसलं. मी भाकरी मागितली तेव्हा सुनीताचा जीव भांड्यात पडला आणि मग ती रडायला बसली.

काकी आमच्या नात्यातली नव्हती. बीड जिल्ह्यात युसूफ वडगावच्या पुढं आमचं गाव. आमचं घर जमीनजुमल्याचं, तात्या एकेकाळचे सरपंच, आणि काकी गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या घरात राहणारी, अंगात बळ होतं तोवर दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी. बुटकी, तोंडानं फटकळ. सरपंच असतानाही तात्यांना तिनं कधी 'अहो-जाहो' केलं नाही, आणि तात्यांनीही ते कधी मनावर घेतलं नाही.

सहा वर्षांपूर्वी मी अंथरूण धरलं. ताप नाही, दुखणं नाही. उठून अंघोळ करायचीसुद्धा इच्छा होईना. चांगली मास्तरकी, दोन लेकरं, आणि मला मात्र आपण घराला जड झालो आहोत असं वाटायचं, जगायचंच नको वाटायचं. सुनीता म्हणायची, डॉक्टरला दाखवू. तात्यांचं एकच, "आमच्या घरात येडं कोणी न्हाई. उन्हाचं झालं असंल." त्यांनी दार लावून घेतलं, गल्लीत 'कावीळ झाली' म्हणून सांगितलं आणि कोणाला आत येऊ देईनात. तीन आठवडे असेच गेले. तात्या दुष्ट नव्हते, घाबरले होते, पण हे कळायला मला फार वर्षं लागली.

एका दुपारी काकी आली. तिला अडवायची तात्यांची टाप नव्हती. ओसरीवर, माझ्या खोलीच्या दाराशी, डोक्यावर पदर घेऊन ती भिंतीला टेकून बसली. बोलली काहीच नाही. सुनीतानं चहा आणला, तो घेतला नाही. तासाभरानं उठली आणि 'येते' न म्हणताच गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आमच्याकडं ज्या घरात माणूस गेलं तिथं असं बसायला जातात. चहा घ्यायचा नाही, निघताना 'येते' म्हणायचं नाही, नुसतं सोबतीला बसायचं. काकीला बसण्याची तेवढी एकच रीत माहीत होती, म्हणून तिनं तीच वापरली.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. समोरच्या घरातल्या बाईनं पाहिलं, की तात्यांच्या ओसरीवर द्रुपदा पदर घेऊन गप्प बसली आहे, चहा तसाच पडून निवला आहे, आणि मास्तर तर तीन आठवडे दिसलेला नाही. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं. तीही पदर घेऊन येऊन बसली. मग तिची जाऊ आली. चार वाजेपर्यंत अर्धी गल्ली ओसरीवर, बायका भिंतीकडेनं, माणसं अंगणात माना खाली घालून. विचारणार कोण? असल्या वेळी विचारत नाहीत. कोणीतरी पाटोद्याला माझ्या बहिणीला फोन करून 'असाल तशा निघा' एवढंच सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत ताई वेशीपासून हंबरडा फोडत आली.

तो आवाज ऐकून मी उठलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपल्या पायानं बाहेर आलो आणि विचारलं, "ताई, कोण गेलं?"

ताईचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिनं मला एक जोरात फटका दिला, मग गळ्यात पडली. अंगणात कोणाला तरी हसू फुटलं, मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात मीही होतो. तात्या तेवढे शरमेनं लाल. लोक उठायला लागले तेव्हा काकी पहिल्यांदा बोलली. "उठता कावून? आलाव तर बसा की. पोरगं मेलं न्हाई, पण लई आजारी हाय. मनानं आजारी हाय. मेल्यावर समदेच येता, आता याया काय हुतंय?"

झाकायला काही उरलंच नाही. आठ दिवसांत आम्ही बीडला मनोविकाराच्या डॉक्टरांकडं गेलो, काकी सोबत. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा ओळखीच्या एकानं "कुठं निघाले?" विचारलं, आणि तात्यांनी तोंड उघडायच्या आत काकीनं सांगून टाकलं, "मनाच्या डॉक्टरकडं." तो माणूस पाच मिनिटांनी परत आला आणि हळूच डॉक्टरांचं नाव विचारून गेला.

बरं व्हायला वर्ष लागलं. गोळ्या होत्या, डॉक्टरांशी बोलणं होतं, आणि दुपारची काकी होती. एकदा मी तिला विचारलं, तुला हे कसं सुचलं? तेव्हा तिनं सांगितलं. तरुणपणी तिचं तान्हं लेकरू गेलं, आणि पुढचा सबंध हंगाम ती कोणाशी बोललीच नव्हती. फडावरच्या बाया ऊस तोडून दमून यायच्या आणि पाळीपाळीनं तिच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, येऊन बसायच्या. "मग दवाखान्यातल्या बाईनं गोळ्या बी दिल्या. कशानं बरी झाले ते देवाला म्हाईत. म्या दोनी धरून ठिवलं."

तेरावा झाला. त्यानंतरच्या रविवारी तात्या ओसरीवर बसलेले दिसले, एरवी बसतात त्या खुर्चीत नाही, खाली. भिंतीवर तिथं काकीच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. सहा वर्षांत दोनदा रंग दिला, तरी तो वर येतो. तात्या त्याच जागी टेकून बसले होते. मला म्हणाले, "मला बी लई दिसापासून झोप न्हाई. कशात मन लागत न्हाई. तिला सांगितलं व्हतं... ती येऊन बसायची, तू शाळेत गेल्यावर. आता कोणाला सांगू, म्हणून तुला सांगतो."

मी शेजारी बसलो. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हायसं वाटलं. आमच्या घरात हे वाक्य कोणी आपणहून बोलेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. डॉक्टरांकडची सोमवारची वेळ घेतली आहे. तात्या कालपासून दोनदा विचारून गेले, सोमवारच ना म्हणून.