सासऱ्यांचा रामराम आणि काळ्या काचा

ऐंशीच्या दशकात कोल्हापुरात गाडीच्या काचांना काळी फिल्म लावायची टूम निघाली, तेव्हा माझ्याकडं गाडीच नव्हती. म्हणून मी सासऱ्यांच्या अँबॅसिडरला ती लावून घेतली.

गाडी मागून आणलेली. सासरे, म्हणजे आप्पा, पेठ वडगावचे. बाजारपेठेतून ते गाडी बैलाच्या चालीनं हाकत, कोपर खिडकीबाहेर, आणि दोन्ही बाजूंचे रामराम घेत. गाडी त्यांनी मुळी त्याचसाठी घेतली होती. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण उन्हाळ्यात त्यांना सावली होईल, जावयाचं कौतुक होईल, असल्या भलत्याच कल्पना डोक्यात.

उचगावच्या वाटेवर एका पत्र्याच्या शेडात एक कारागीर हे काम करायचा. त्यानं साबणाचं पाणी मारून फिल्म चिकटवली, दाढीच्या पात्यानं कडा कापल्या, त्याच पात्यानं खिडकीचं रबरही कापलं. मी शेजारी उभा राहून "वा, वा!" फिल्म ओली असतानाच त्यानं काचा वर चढवल्या. घरी येईस्तोवर तिच्या कडा दुमडून खाचेत घट्ट बसल्या. एक काच खाली येईल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो.

"वाळूस्तवर काच हलवायची न्हाय, म्हनलोतो की!" तो म्हणाला.

"कधी म्हणालात?"

"मनात तरी म्हनलोच आसंन."

"अहो, काचा वर तुम्हीच केल्यात!"

"मग? धूळ बसली आसती तर तुमीच बोंब मारली आसती. बसा पावणं, चा घ्या."

इथंच मी हरलो. आमच्याकडं ज्याचा चहा घेतला त्याच्यावर आवाज चढवता येत नाही. मी मुकाट्यानं बशीत फुंकर मारत बसलो. तोवर त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचा काच खाली घ्यायचा हँडल दोन्ही हातांनी पिळला. कट्ट! हँडल त्याच्या हातात.

"रॉकेल लावा," तो म्हणाला, "आपोआप सुटतंय."

मी घरी येऊन लावलं, फडक्यानं घासलं. फिल्म सुटली नाही, जांभळी होऊन फुगली. ओघळ गेले तिथला दाराचा रंग मात्र अगदी आपोआप सुटला.

"फळा पुसायला लागलाय जणू!" बायको दारातून ओरडली. "आप्पांची गाडी हाय ती!"

शेवटी तशीच गाडी घेऊन वडगावला गेलो. आप्पांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. तो बाजाराचा दिवस होता. टोपी घालून ते स्टिअरिंगवर बसले, मला मागं बसवलं आणि निघाले.

आत भट्टी. बाहेर ओळखीची माणसं, पण एकाचाही हात वर होईना. गाडीत कोण, हे दिसणार कसं? पहिल्या चौकात आप्पांनी गाडी थांबवली, दार उघडलं, एक पाय खाली टेकला, दोन्ही बाजूंचे रामराम घेतले, दार लावलं. पुढच्या चौकात पुन्हा तेच. मागं बैलगाड्यांची रांग लागली, गाडीवान शिव्या द्यायला लागले. मी घामानं निथळत सीटवर आडवा झालो, कुणाला दिसू नये म्हणून. खरं तर त्या काचांतून तसाही दिसलो नसतो.

तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं उघड्या दारातून आत डोकं घातलं. "आन् मागं कोन झोपलंय म्हनायचं?"

"जावई," आप्पा म्हणाले. "काचा ह्येंनीच केल्यात."