अमावस्येला घेतलेलं नाव

श्रीमती पद्मजा नंदकुमार ओगले, राहणार मुलुंड पूर्व, वय साठीच्या किंचित अलीकडे. व्यवसाय: विवाहप्रसंगी मांडावयाच्या पारंपरिक रुखवताची निर्मिती, जतन व तात्पुरते हस्तांतरण. हुद्दा: सदर व्यवसायाच्या एकमेव मालक, मुख्य कारागीर व अंतिम निर्णयाधिकारी. कार्यक्षेत्र: दादर ते ठाणे, आगाऊ सूचना मिळाल्यास पनवेल. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर वाळलेला डिंक. स्वभाव: याबाबत अभिप्राय उपलब्ध आहेत, प्रसिद्धीस योग्य नाहीत.

तात्पुरते हस्तांतरण म्हणजे भाड्याने देणे. सुपारीचे नवरानवरी, साखरेचं तुळशीवृंदावन, तांदळाच्या दाण्यांची सप्तपदी असा सगळा संसार सकाळी टेम्पोतून हॉलवर जातो आणि पंगती उठल्या की मोजून परत येतो. सोबत एक पाटीही जाते: 'चि. सौ. कां. हिने स्वहस्ते केलेले रुखवत'. 'कां.'नंतरची जागा कोरी असते, तिथे त्या दिवशीच्या मुलीचं नाव चिकटवायचं. मुलीच्या सासरचे लोक वाकून वाकून कौतुक करतात. त्यांच्याही घरच्या लग्नात हीच सप्तपदी मांडलेली असते, पण ते कोणी बोलत नाही.

हा धंदा पद्मजाबाईंच्या सासूबाईंनी, कमलताईंनी, सुरू केला. पद्मजाबाई लग्न होऊन आल्या त्या आठवड्यातच त्यांच्या हातात डिंकाची वाटी आली, ती आजतागायत सुटलेली नाही. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत हॉलचे मॅनेजर अजूनही "कमलताईंचं रुखवत सांगा" असंच म्हणतात. कमलताई जाऊन काही वर्षं झाली. पद्मजाबाईंना फोनवर लोक विचारतात, "आपण कमलताईच ना?" त्या "हो" म्हणतात. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये हे त्या सासूकडूनच शिकल्या.

पण मुली आता मॅनेजरला विचारत नाहीत, फोनमध्ये शोधतात. त्यात कमलताई सापडत नव्हत्या. म्हणून पद्मजाबाई घाटकोपरला शीतल ओव्हाळकडे गेल्या. शीतल लोकांच्या वेबसाइट बनवते आणि लोकांशी बोलताना स्क्रीनवरची नजर काढत नाही.

"कमलताई रुखवत डॉट कॉम. मोकळं आहे काकू. घेऊन टाकू?"

"आत्ता नको. अक्षय्य तृतीयेला घेऊ. साडेतीन मुहूर्तांपैकी एक तो."

"काकू, हे सोनं नाहीये. उद्या कोणी उचललं तर गेलं."

"कोण उचलतंय? सासू माझी होती."

"बघा. आमच्यात मुहूर्त नसतो."

"तुमचं काय, तुमचं ठीक आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. शीतलने त्यावर मान वर केली, एकदाच, आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहू लागली.

अक्षय्य तृतीयेच्या आधी चैत्रगौरीचं हळदीकुंकू येतं. पद्मजाबाईंनी ते दणक्यात केलं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाची कमळं, आणि गौरीपुढे सुपारीचं आख्खं वऱ्हाड. जमलेल्या बायकांना त्यांनी आपण होऊन सांगितलं की सासूबाईंच्या नावाने साइट निघतेय, नाव अमुक, मुहूर्त तमुक. बायकांनी "अय्या, झकास" म्हटलं. त्यांतली एक मधुवंती देवव्रत टिळेकर, राहणार बोरिवली पश्चिम. नंदकुमारची धाकटी बहीण, पद्मजाबाईंची नणंद, कमलताईंची एकुलती एक मुलगी. तिने "अय्या" म्हटलं नाही. डाळीची वाटी संपवली आणि अजून घेतली.

अक्षय्य तृतीयेला पद्मजाबाई नवी साडी नेसून शीतलच्या ऑफिसात बसल्या.

"काकू, वाट लागली. गेलंय."

"कुठे गेलंय?"

"घेतलंय कोणीतरी. रविवारी."

रविवारी अमावस्या होती. नाव कोणी घेतलं याबद्दल पद्मजाबाईंना शंका नव्हती. त्यांना खटकली ती तिथी. आईचं नाव, आणि अमावस्येला! त्यांनी तिथूनच बोरिवलीला फोन लावला.

"मधू, तू घेतलंस?"

"हो. घेतलं."

"तुला रुखवतातलं काय कळतं गं? तुला साधी सुपारी धरता येत नाही."

"मला काही करायचंच नाहीये त्यावर. नुसतं ठेवणार आहे."

"मग कशाला घेतलंस?"

"वहिनी, आईचे साचे तुझ्याकडे, आईची जागा दादाकडे, गिऱ्हाईक तुझ्याकडे. मला काय आलं? दोन पातळं आणि तिचा चष्मा. निदान नाव तरी माझ्याकडे राहू दे. तू सगळंच भाड्याने देतेस. हे नाही द्यायचं."

"शेवटची दोन वर्षं तिचं सगळं कोणी केलं?"

"तेही पाटीवर लिही. स्वहस्ते म्हणून."

फोन कोणी आधी ठेवला याबद्दल दोघींची साक्ष वेगळी आहे.

शीतलने दुसरी नावं सुचवली. पहिली पसंती गेली की मागे गाव लावायचं, पुढे एखादं विशेषण लावायचं, नाहीतर शेवटचं डॉट कॉम बदलून डॉट इन करायचं. 'कमलताई रुखवत मुलुंड' चालेल? नाही, ठाण्याची गिऱ्हाइकं काय मेली का? 'ओरिजिनल कमलताई'? नाही, वड्याच्या गाडीवर लिहितात तसं. डॉट इन? "म्हणजे तिचं पुढचं दार आणि माझं मागचं?" शेवटी शीतल म्हणाली, "तुमचंच नाव घ्या ना. पद्मजा रुखवत. मोकळं आहे, कोणालाच नकोय."

हे शेवटचं वाक्य तिने मुद्दाम म्हटलं की कसं, सांगता येत नाही.

"माझ्या नावाने कोण फोन करेल?" पद्मजाबाई म्हणाल्या आणि पर्स उचलून घरी आल्या.

घरी नंदकुमार होते. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, दाव्याच्या दोन्ही बाजू ऐकून निर्णय पुढे ढकलण्यात आयुष्य गेलेलं. "मी दोघींचा आहे," ते म्हणाले. पुढचं वर्षभर ते दोघींचे राहिले, म्हणजे कोणाच्याच उपयोगी पडले नाहीत. भाऊबीजेला मधुवंतीने भावाला ओवाळलं, वहिनीच्या हातची करंजी मोडली आणि गोड आवाजात विचारलं, "साइट झाली का गं?" पद्मजाबाईंनी तिच्या ताटात आणखी एक करंजी वाढली, जरा उंचावरून.

मग एक गोष्ट घडली जी मधुवंतीला ठाऊक नव्हती. असलं नाव विकत मिळत नाही, ते वर्षाच्या बोलीवर मिळतं. दरवर्षी पैसे भरून मुदत वाढवावी लागते. आठवणीच्या मेल तिच्या नवऱ्याच्या, देवव्रतच्या, ऑफिसच्या पत्त्यावर जात होत्या. देवव्रत मार्चमध्ये निवृत्त झाले. मेल येत राहिल्या, वाचायला कोणी नव्हतं. मुदत संपली, मालकाला मिळणारी सवलतही संपत आली. शीतल लक्ष ठेवून होती. "मोकळं झालं त्या मिनिटाला फोन करते," तिने सांगितलं होतं. "आणि या वेळी पंचांग बघू नका."

मोकळं झालं ते अधिक महिन्यात. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, नवी खरेदी नसते, कसलाच आरंभ नसतो. असतं ते एवढंच: लेक-जावयाला जेवायला बोलवायचं आणि जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. कमलताई नसल्यामुळे ते देणं भावजयीकडे आलं. बोलावलं नसतं तर मुलुंडभर झालं असतं, आणि आली नसती तर बोरिवलीभर. त्यामुळे बोलावणं गेलं आणि ती दोघं आली.

देवव्रत आणि मधुवंती पानावर बसलेले, नंदकुमार समोर, पद्मजाबाई कढईशी. फोन वाजला. हात तुपाचे, म्हणून त्यांनी कोपराने बटण दाबलं. ते स्पीकरचं होतं.

"काकू, सुटलं! कमलताई रुखवत सुटलं! फॉर्म उघडलाय, तुम्ही दिलेलं काकांचं कार्ड टाकलंय. ओटीपी काकांच्या फोनवर येईल."

पानावरची अनारशांची कुरकुर थांबली.

"सुटलं म्हणजे काय?" मधुवंती ओरडली. "ते माझं आहे!"

"मॅडम, आता कोणाचंच नाहीये," फोन म्हणाला. "काकू, लवकर. मालक म्हणून कोणाचं नाव टाकू?"

"माझं," पद्मजाबाई म्हणाल्या. धोंड्याचा महिना त्यांच्या ध्यानात होता. तरी त्या म्हणाल्या.

"तिचं टाकलंस तर मी भरल्या पानावरून उठेन, दादा. अधिकात. बघ मग."

"ऊठ ना! तुला कोणी धरलंय?"

"वहिनी, जीभ आवर."

"अमावस्येला आईला विकत घेणारी तू, मला काय सांगतेस?"

देवव्रत अनारशाकडे पाहत होते. नंदकुमारचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, आकडे वाचले, मग दोघींकडे पाहिलं. मुलगी भरल्या पानावरून उठली तर शाप कोणाला लागतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि बायको न उठता काय करू शकते तेही.

"माझं टाक," ते फोनला म्हणाले.

नणंदेला भावजय नको होती आणि भावजयीला नणंद. नंदकुमारच्या नावाला मात्र दोघींपैकी कोणालाच नको म्हणता येईना. मुलगाच तो.

"नंदकुमार कमलाकर ओगले," त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि ओटीपीचे आकडे सावकाश वाचून दाखवले. "झालं काका," शीतल म्हणाली. मधुवंती पानावर बसून राहिली. पद्मजाबाईंनी कढईतला करपलेला अनारसा काढून टाकला आणि वाणाचे मोजायला घेतले.

साइट चालू आहे. फोटो पद्मजाबाईंच्या कामाचे आहेत, वर कमलताईंची तसबीर आहे. ती मधुवंतीने पाठवली, चांगला फोटो तिच्याकडेच होता. 'मालक' या शीर्षकाखाली नंदकुमार कमलाकर ओगले यांचं नाव आहे. पद्मजाबाईंचं नाव खाली, डिलिव्हरीच्या चौकशीसाठी दिलेल्या नंबरापुढे आहे.