बर्फ न आलेलं खोरं

हिमनदी मी जन्मात पाहिलेली नाही. तरी लग्नाआधी महाडच्या शाळेत भूगोल शिकवताना ती मी अशा ठसक्यात शिकवायचे की मुलींना वाटे, बाईंचं आजोळ हिमालयात असावं. एकीनं परीक्षेत लिहिलं होतं, 'हिमनदी दासगावच्या धक्क्यावर येते आणि तिच्यात मासळी ठेवतात.' मी तिला अर्धा गुण दिला. बर्फ तिनं तिथंच पाहिला होता, त्यात तिचं काय चुकलं?

वर्गात मी सांगायचे की नदी नीटनेटकी असते. दगड घासून त्यांचे गोटे करते, मोठे एकीकडे आणि वाळू दुसरीकडे निवडून ठेवते. बर्फाला असली निवड जमत नाही. तो खोलीएवढा धोंडा आणि पिठासारखी माती एकत्रच फरफटत आणतो आणि वितळला की तिथंच टाकून मोकळा होतो. हे शिकवताना मला फार आनंद व्हायचा. सह्याद्रीच्या पोटातल्या मुलींना या ज्ञानाचा उपयोग काय, असं हेडमास्तर विचारायचे. मी म्हणायचे, पडेल कधीतरी उपयोगी.

लग्न होऊन मी पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या अलीकडच्या एका वाडीत आले. सासरचं घर उंचावर आणि पाणी खाली, डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याला. सासूबाई उभा जन्म डोक्यावर हंडा घेऊन ती चढण चढल्या होत्या. त्यामुळे मामंजींनी झऱ्यालगतच्या सपाट जागेवर नवं घर बांधायचं ठरवलं, तेव्हा सासूबाईंच्या चालण्यातसुद्धा फरक पडला. देवीला कौल लावून झाला होता. गुरवानं मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडची आधी पडली, म्हणजे होकार. पाया खणायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी मी पायाचा चर बघायला गेले आणि काठावरच थबकले. आत काळे धोंडे, कपच्या, खडे, सगळं लाल मातीत कालवलेलं. प्रत्येक दगडाची कड धारदार.

"मामंजी, इथं घर नको," मी म्हणाले. नव्या सुनेनं असं बोलायची रीत नव्हती, पण रीत पाळत बसले असते तर ती मी कसली!

"का गो?"

"हे दगड नदीनं आणलेले नाहीत, नाहीतर गोल असते. असा काला बर्फ करतो, आणि आपल्या खोऱ्यात बर्फ कधी आलाच नाही."

सासूबाई झऱ्यावर हंडा भरत होत्या. त्यांनी मान वर केली. "आला नाय ना? मग भ्यायचं कशाला?"

मला हसू आलं, पण मी वर बोट केलं. माथ्याखाली डोंगराला मोठी खोबण होती, भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तशी. नदी नाही, बर्फ नाही, म्हणजे आणणारा एकच उरला. डोंगरच कधीतरी खाली येऊन बसला होता आणि त्याच्या अंगावर आम्ही पाया खणत होतो. आला तो त्याच वाटेनं पुन्हा येऊ शकतो, असं मी मामंजींना सांगितलं.

मामंजींनी खोबणीकडे पाहिलं. कशेडीच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद झालेला त्यांनी अनेकदा पाहिला होता. "पण देवीनं उजवा दिलाय," ते म्हणाले.

"देवीला नेमकं काय विचारलंत?"

कौलात विचाराल तेवढ्याचंच उत्तर मिळतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक. मामंजी ओशाळले. "पाणी आटणार नाय ना, येवढंच विचारलं."

"मग देवी खरंच बोलली. पडलेला डोंगर भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो. म्हणून तर इथं झरा आहे."

आता सासूबाईंना कळलं की मी त्यांच्या दारातलं पाणी काढून घेते आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सगळा भूगोल विसरले. पण मी माघार घेतली नाही, कारण चूक नव्हतीच.

मामंजी म्हणाले, "उद्या परत कौल लावू. घराचंच विचारू."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "देवी नाय म्हणाली तर मला तिच्याव रुसाय लागंल. त्यापेक्षा हिच्याव रुसते. चर बुजवा."

घर वरच्या कातळावर झालं. झऱ्यापासून पहिल्यापेक्षाही लांब. पहिल्या सकाळी मी हंड्याला हात घातला, तर सासूबाईंनी तो ओढून घेतला. "पानी मी आनीन. तू डोंगराव नजर ठेव."

त्या खरोखरच वर्षानुवर्षं रुसल्या आणि पाणीही आणत राहिल्या. मी डोंगरावर नजर ठेवली. त्या गेल्या तेव्हाही तो जागच्या जागी होता. माझं खरं होतं हे त्यांना दिसलं नाही. कुणालाच दिसू नये, असं मला अजूनही मनापासून वाटतं.