अंगावरच्या कपड्यांनिशी

माझ्या मायनं घरातल्या सगळ्या बायकांना विहिरीत पोहायला शिकवलं. लेकी, सुना, नाती. चार दिवस पाहुणी म्हणून आलेली माझी मावसबहीणसुद्धा तिच्या तावडीतून सुटली नाही. तिच्या हातून कोरडी निसटली ती एकटी मी. अठ्ठावन्न वर्षांची, निवृत्त शिक्षिका, सारा जन्म दुसऱ्यांच्या पोरांच्या चुका काढण्यात गेलेली मी.

आमचं गाव जळकोटहून आत वळलं की लागतं. मळ्यात बांधीव विहीर आहे, खाली उतरायला दगडी पायऱ्या आहेत. माय लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी तिची धाकटी नणंद पाणी शेंदताना पाय घसरून तिथं पडली. काठावर सहा बायका धुणं धूत होत्या, माय त्यातलीच एक. गडीमाणसं दोन शेतं पलीकडं कामाला होती. ती धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. माय ही गोष्ट कधी रडत सांगायची नाही, रागानं सांगायची.

"सहा जणी हुतो. एकीला बी पवता येत न्हवतं. आरडायला तेवढं येत हुतं."

सुतक फिटल्यावर ती माझ्या वडलांना म्हणाली, "मला पवायला शिकवा. न्हायतर म्या आपली आपण उतरते, मग काढा वर." वडलांना आपल्या बायकोचा स्वभाव दोन वर्षांत पुरता कळला होता. त्यांनी गुपचूप कासरा आणला, एक टोक तिच्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या हातात धरलं. पंधरा दिवसांत ती नऊवारीचा काष्टा मारून विहिरीचा फेरा मारायला लागली. गावानं नाकं मुरडली. तिनं ढुंकून पाहिलं नाही.

पुढं तिची शाळाच सुरू झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी, वाटेवरच्या लिंबाला तिचं एक लुगडं टांगलेलं दिसलं की गडीमाणसं आपसूक दुसऱ्या बांधानं जायची. पोरीच्या पाठीला आधी वाळका भोपळा असायचा, नंतरच्या काळात तेलाचा पाच लिटरचा कॅन आला. आणि परीक्षा एकच, अंगावरच्या रोजच्या कपड्यांनिशी पाण्यात पडायचं आणि पायऱ्यांपर्यंत यायचं. माझी लेक पुण्याच्या तलावात शिकून आली होती, बक्षिसंही मिळवलेली. मायनं तिला पंजाबी ड्रेस आणि ओढणीसकट ढकललं. पोरगी दोन गटांगळ्या खाऊन, ओढणीशी झटापट करून कशीबशी काठाला लागली आणि आजीवर भडकली. आजी शांतपणे म्हणाली, "पडताना कुणी कापडं बदलून पडतंय व्हय?" तिनं पोरीकडून ते आठ दिवस करून घेतलं. आज माझी लेक स्वतःच्या पोहण्याबद्दल बोलते तेव्हा बक्षिसांचं नाव काढत नाही, आजीचं काढते.

आणि मी? नऊ वर्षांची असताना मला तिनं पहिल्यांदा उतरवलं. पाणी छातीला लागलं आणि मी किंचाळून तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. तिनं मला पायरीवर बसवलं, रक्त धुतलं आणि म्हणाली, "बरं. फुडल्या साली." ते पुढलं साल काही आलं नाही. कधी माझी परीक्षा होती, मग डी.एड., मग लग्न होऊन धाराशिवला जाणं, मग बाळंतपण, शेवटी शेवटी बीपीची गोळी. सबबींना काय तोटा? दुष्काळाच्या साली विहिरीचा तळ दिसायचा, तेव्हा मी निर्धास्त माहेरी जायचे. बोलू नये, पण सगळं गाव आभाळाकडं डोळे लावून बसलेलं असताना मला मनातून बरं वाटायचं. दर उन्हाळ्यात मी एस.टी.तून उतरले की तिचा पहिला प्रश्न असायचा, "यंदा?" एकदा मी म्हणाले, "आगं माय, पन्नाशी उलटली माझी." तर म्हणते, "पाणी काय आधारकार्ड बघतंय व्हय?"

गेल्या पौषात माय गेली. शेवटचे आठ दिवस मी तिच्याजवळ होते. त्या आठ दिवसांत तिनं मला एकदाही "यंदा?" विचारलं नाही. एका सकाळी मी तिचं गरम पाणी घेऊन येत होते, तर आतून तिचा आवाज ऐकू आला. माझ्या भावजयीला सांगत होती, "तिला आता कुणी म्हणू नगा. लई भ्या वाटतं तिला. ऱ्हाऊ द्या."

मी दारातच थांबले. तिनं माझी पाठ सोडावी म्हणून मी आयुष्यभर देव पाण्यात घातले होते. आणि तिनं ती सोडली तेव्हा मला ते सहन होईना. तिनं माझ्यावर चिडावं, मला शिव्या द्याव्यात, काहीही करावं, पण ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणू नये असं वाटलं. मी आत गेले. तिचे पाय पुसले आणि त्याच वेळी मनाशी ठरवलं.

चैत्र संपताना मी बॅग भरून माहेरी आले. विहिरीला यंदा पाणी चांगलं होतं. भावजय मायच्या हाताखाली पक्की तयार झालेली, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पायऱ्या उतरायला डॉक्टरांची मनाई. भाच्याची बायको सोलापूरहून सात वर्षांच्या पोरीला घेऊन सुट्टीला आली होती. ती एरवी दिवाळीपुरतीच यायची आणि माय अंथरुणाला खिळल्यापासून शिकवणंही बंद पडलेलं, म्हणून त्या दोघी मायच्या हाती लागल्याच नव्हत्या. शिकलेल्या बाकी सगळ्या लग्नं-नोकऱ्यांपायी दूर पांगलेल्या; काठावरून दोर धरायला माणूस होतं, पाण्यात उतरून हात द्यायला कुणीच उरलं नव्हतं. मी नाही उतरले तर मायचं काम तिच्याबरोबरच संपणार होतं.

भावजय काठावर खुर्ची टाकून बसली, हातात दोर घेऊन. "वन्सं, पाय हाणा. हात न्हाय, पाय!" माझ्याहून लहान बाई, पण त्या आवाजात मी चौथीतली पोरगी झाले. पहिले तीन दिवस मी पायरी सोडली नाही. चौथ्या दिवशी सोडली आणि इतकं पाणी प्याले की भावजयीनं घाबरून मला दोरानं ओढून घेतलं. रात्रभर कान दुखला. सकाळी पुन्हा गेले. भीती गेली नव्हती, ती रोज माझ्यासोबत खाली उतरायची. पण मी तिचं ऐकायचं बंद केलं. नवव्या दिवशी कॅन काढला. चौदाव्या दिवशी मी सुती साडी नेसून, पदर न खोचता, वरच्या पायरीवरून स्वतःला खाली टाकलं. साडी पायांत गुंडाळली, डोळ्यांपुढं हिरवा अंधार झाला, आणि तेव्हा मला कळलं की माझी आत्या कशानं बुडाली. मी पाय हाणले. ओल्या साडीच्या ओझ्यासकट हाणत राहिले. दगड हाताला लागला तेव्हा वर भावजय ढसाढसा रडत होती.

मी पायरीवर बसून श्वास घेतला. पोरगी कधीची कॅन बांधून तयार होती. "धाराशिवची आजी, आता मी!" तिची आई टॉवेल घेऊन दोन पायऱ्या मागं उभी होती. ती हसून म्हणाली, "हिलाच शिकवा आत्या. मला नको, मी आपली इथून लक्ष ठेवते."

तिचा तो आवाज मी ओळखला. अगदी तसाच, हसून, मीही सगळं आयुष्य टाळलं होतं. मी वर चढले, पोरीच्या पाठीवरचा कॅन सोडला आणि तिच्या आईच्या पाठीला बांधायला घेतला.

"नको आत्या, खरंच भीती वाटते मला."

"मला पण वाटते," मी म्हणाले आणि गाठ आवळली. "आधी तू. मग तुझी पोरगी."

तिच्या हातातला टॉवेल मी काढून घेतला आणि तिचा हात धरून खाली उतरायला लागले.