काठेवाड्यांसंगं चालत आलेली आशाबाई

आशाबाईचं लग्न १९८८ साली झालं. ज्याच्या गळ्यात तिनं हार घातला, तो माणूस सासरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी निघून गेला आणि तिला पुन्हा कधी दिसला नाही.

कुंभार पिंपळगावजवळच्या एका वस्तीवर तिचे वडील धुळाजी मेंढरं राखायचे. आई लहानपणीच गेलेली. लग्न जमवलं वसंतानं. वसंता जनावरांच्या बाजारातला दलाल. धुळाजींची मेंढरं तोच विकून द्यायचा, म्हणून घरी येणं-जाणं होतं.

"पोरगा गुजरातेत कामाला हाये. घर बराबर हाये, हुंडा नको, लग्नाचा खर्चबी तेच करतेत," असं त्यानं सांगितलं. पोरगा दिसायला चांगला होता, मराठी बोलत होता. धुळाजींनी होकार दिला. सोळा वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं नाही.

जालन्याहून रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग जीप. काठेवाडातल्या एका गावाबाहेरच्या मळ्यात ते उतरले. तिथं एक पन्नाशीचा माणूस, त्याचा भाऊ आणि त्यांची म्हातारी आई राहत होते. नवरदेव सकाळी निघाला तेव्हा आशाबाईही पिशवी घेऊन उठली. म्हातारीनं तिचा दंड धरला. तिची भाषा कळत नव्हती, पण त्या पन्नाशीच्या माणसानं मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं, "वो तेरा मरद नहीं. तेरे को हम खरीदा है."

पुढच्या दिवसांबद्दल आशाबाई फार बोलत नाहीत. दाराला बाहेरून कडी असायची, मार असायचा, एवढंच सांगतात. "मी रडले, मंग रडायचं बंद केलं. रडून त्येंला बरं वाटत व्हतं," असं एकदा मला म्हणाल्या.

त्या घरात शेरडं होती आणि त्यांची निगा कुणाला नीट जमत नव्हती. एक शेळी पाय टेकेना, तेव्हा आशाबाईंनी तिचा खूर साफ करून चिंधी बांधली. शेळी चालू लागली. म्हातारीनं ते पाहिलं आणि हळूहळू शेरडं हिच्याकडे आली. आधी म्हातारी सोबत रानात यायची, मग तिचे गुडघे थकले. पळून ही जाणार कुठे, असं त्यांना वाटलं असणार. आशाबाईंनाही रस्ता ठाऊक नव्हता. तोवर त्या तिथली भाषा मात्र शिकल्या.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर रानातून एक तांडा निघालेला त्यांना दिसला. पुढं उंटांवर खाटा, हंडे, लेकरं. मागं मेंढरांचा मोठा कळप. काळ्या कपड्यांतल्या बाया उंटांचे दोर धरून चालत होत्या. आशाबाई जागीच थांबल्या. हे लोक त्यांनी लहानपणी आपल्याच रानात पाहिले होते. हिवाळ्यात चाऱ्याच्या शोधात ते आपल्याकडे येतात, शेतकरी खतासाठी त्यांची मेंढरं वावरात बसवून घेतात. आपल्याकडे त्यांना काठेवाडी म्हणतात. म्हणजे हे ज्या वाटेनं चाललेत, तीच घराची वाट.

त्यांनी शेरडं मळ्याच्या दिशेनं हाकलली आणि तांड्यातल्या सगळ्यात वयस्क बाईला गाठलं. तिचं नाव जीवीबेन. आशाबाई तिच्याच भाषेत म्हणाल्या, "मी पण मेंढरं राखणाऱ्याची पोर आहे. तुम्ही माझ्या मुलखात चाललात. मला विकून इथं आणलंय. संगं न्या."

जीवीबेननं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हातावरचे वळ पाहिले. नवऱ्याला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. आपला एक काळा घागरा आणि ओढणी काढून दिली, कडेवर नातवंड दिलं आणि म्हणाली, "माझ्या मागं चाल. कुणी विचारलं तर तोंड उघडू नको."

दुसऱ्या दिवशी त्या घरातला धाकटा भाऊ मोटारसायकलवर शोधत आला. प्रत्येक उंटाजवळ थांबला. आशाबाई ओढणी पुढं ओढून लेकराला थोपटत चालत राहिल्या. "चाल मोडू दिली न्हाई," त्या सांगतात. तो निघून गेला.

मग नुसतं चालणं. नर्मदेचा पूल, सुरतेची गर्दी, डोंगर. वाटेत मेंढ्या व्याल्या की कोकरं सांभाळायचं काम आशाबाईंचं. खानदेशात पोचल्यावर जीवीबेननं त्यांना धुळ्याच्या एसटी स्टँडावर आणून गाडीत बसवलं. आशाबाई कपडे परत देऊ लागल्या तर तिनं घेतले नाहीत.

त्याच काळ्या कपड्यांत आशाबाई वस्तीवर आल्या. धुळाजी मेंढरं रात्री कोंडायच्या वाघरीचं जाळं ठोकत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "किधर का डेरा है, बाई?"

"आबा, मी आशा."

धुळाजी उठले, पण त्यांना पुढं येता येईना. "वसंता म्हनायचा, पोरगी सुखात हाये," एवढंच ते बोलले आणि जाळ्याशेजारी खाली बसले. आशाबाईंनी त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. मेख घेतली आणि उरलेलं जाळं ठोकलं.

गावानं मात्र बराच काळ तोंड वाकडं केलं. नवऱ्याला टाकून पळून आली, असं बाया हापशावर बोलत. अशा वेळी एखादी घरात कोंडून घेते. आशाबाई हंडा टेकवून तोंडावर सांगायच्या, "पळून आले ते खरं हाये. पर नवऱ्याला टाकून न्हाई. मला विकलं व्हतं." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा, इतक्या सरळ आवाजात सांगितलं की शेवटी बोलणारेच थकले. वसंता तेवढा या बाजूला फिरकेनासा झाला.

तो पुन्हा दिसला १९९२ साली, शेजारच्या गावात, बेबीनंदाच्या लग्नात. बेबीनंदा ही तुळजाबाई नावाच्या विधवा बाईची एकुलती एक लेक. हे स्थळ वसंतानं आणलंय, हे आशाबाईंना उशिरा कळलं. त्या पोचल्या तेव्हा नवरदेव मंडपात बसला होता आणि त्याच्यासोबतची दोन माणसं मागं चहा पीत आपसात गुजरातीत बोलत होती. आशाबाई पाठमोऱ्या उभ्या राहून ऐकत राहिल्या. पोरगी कुणाच्या घरी पोचवायची, यावर त्यांचा वाद चालला होता.

आशाबाई वळल्या. "तमारुं गाम कयुं?" त्यांनी विचारलं. तुमचं गाव कोणतं?

दोघांच्या हातातले कप तसेच राहिले. एकानं एक गाव सांगितलं, दुसऱ्यानं दुसरंच.

तुळजाबाई धावत आल्या. "तुझं वाटोळं झालं म्हनून माझ्या लेकीचं मोडायला आलीस का?"

"मावशी, मोडत न्हाई. थांबा म्हनते," आशाबाई म्हणाल्या. मग गावचे पोलीस पाटील अण्णासाहेब यांच्याकडे वळल्या. "पाटील, मंडप ऱ्हाऊ द्या. तुमी आन् मी ह्येंच्या गावाला जाऊन येऊ. घर दिसलं, आई-बाप दिसले, की येऊन लगीन लावू. खोटं निघालं तर मला गावाबाहेर काढा."

अण्णासाहेब पाहुण्यांना म्हणाले, "बाई बराबर बोलून राह्यली. आमाला तुमचं घर दाखवा."

पाहुण्यांना एकदम गाडीची आठवण झाली. जल्दी आहे म्हणाले, मुहूर्त टळतो म्हणाले, वसंताला बाजूला घेऊ लागले. लोक भोवती जमत गेले आणि त्या गर्दीतून कुणाला जाऊ दिलं नाही. पोलीस आले. तुळजाबाई मंडपाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. आशाबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

खटला पुष्कळ वर्षं चालला. आशाबाई प्रत्येक तारखेला गेल्या. वकिलानं नको ते प्रश्न विचारले, त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. वसंताला शिक्षा झाली. ज्या घरात त्यांना कोंडलं होतं, तिथल्यांचं काही झालं नाही. ती खंत त्यांना आजही आहे.

मधल्या काळात त्रिंबक नावाच्या विधुर मेंढपाळानं मागणी घातली. आशाबाईंनी निरोप धाडला, "आधी मी घर बघनार." त्या एकट्या गेल्या, शेजारणींशी बोलल्या, त्रिंबकच्या पहिल्या बायकोच्या माहेरीही जाऊन विचारून आल्या. त्रिंबकला त्याचं काही वाटलं नाही, आणि तिथंच त्यांनी होकार दिला.

आता आजूबाजूच्या गावांत परमुलखातलं स्थळ आलं, की आशाबाईंना बोलावणं येतं. त्रिंबकवर मेंढरं सोपवून त्या एसटीनं जातात, स्थळाचं घर पाहून येतात. बेबीनंदाला पुढं जे स्थळ आलं, त्याचं घरही त्यांनीच पाहिलं होतं, अंबड तालुक्यातलं. तिथून आल्यावर तुळजाबाईंना म्हणाल्या, "मानसं साधी हायेत. पर पोरीला इचारा, तिला पटलं तरच."