आपलाच हाय तो

घरपट्टी अवाच्या सवा वाढवली म्हणून अपिलासाठी मी एक सल्लागार धरला. शिळफाट्याच्या टपरीवर बशीतून चहा भुरकत तो नगरपालिकेच्या साहेबाला बेधडक अरेतुरे करायचा. "तुमी गप बसा. आपलाच हाय तो," हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. बोलताना मिशीला लागलेला चहासुद्धा पुसायचा नाही.

सुनावणीला साहेब आले आणि हा कमरेत वाकला. साहेबांनी विचारलं, "मोजणीत काही चुकलंय का?"

"चुकलंय ना, साहेब," तो अदबीनं म्हणाला. "यांची मागची पडवी धरायची राहिली."

साहेबांनी पडवी लगेच धरली.

बाहेर आल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खूश केला त्याला. आता पडवीचं अपील टाकू."