बाईंनी शाईनं लिहिलेला निकाल

लव्हॉन हॉस्टेटलर बाईंनी आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना बीजगणित शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना नापास केलं. मी नापासांतला. आता माझी नाश्त्याची खाणावळ आहे आणि बाई रोज सकाळी सातला खिडकीजवळच्या टेबलाशी वही उघडून बसतात. वय चौऱ्याहत्तर, पण माझं बिल अजूनही तपासून बघतात.

मार्च लागला की अमेरिकेतल्या आमच्या इंडियाना राज्यात माणसं कामधंदा सोडून कॉलेजच्या बास्केटबॉलचं भविष्य सांगायला लागतात. चौसष्ट संघांत कोण कुणाला हरवणार याचे तक्ते माझ्या भिंतीवर लागतात. बाकीचे पेन्सिलीनं भरतात, खोडतात, पुन्हा भरतात. बाई शाईनं भरतात. गुरुवारी बाराच्या ठोक्याला त्यांचा कागद गल्ल्याशेजारी लागला की मग त्यात काना-मात्रा बदलत नाही. एका वर्षी त्यांनी स्वतःच्या चर्चच्या कॉलेजला कागदावर पहिल्याच फेरीत बाद केलं होतं. पाद्री दोन आठवडे बोलले नाहीत. पण कॉलेज खरंच हरलं.

मी एकदा म्हणालो, "बाई, अमका संघ सामन्याला नव्वद गुण करतो, तोच जिंकणार."

"तो नुसता पळतो, म्हणून नव्वद होतात. शंभर वेळा चेंडू हातात आला तर त्यातून गुण किती काढले आणि किती वेळा फुकट घालवला, ते बघ. तू शाळेतही उत्तर आधी लिहायचास."

तर यंदा आमच्या तालुक्यातल्या बर्चफील्ड कॉलेजच्या मुली पहिल्यांदाच या स्पर्धेत पोचल्या. आणि चेंडू पुढे घेऊन जाणारी त्यांची मुख्य खेळाडू म्हणजे बाईंची नात ब्रिन. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. समोर दक्षिणेतलं एक भलंमोठं विद्यापीठ, तेही त्यांच्याच कोर्टवर. गावानं पाट्या रंगवल्या, न्हाव्यानं दुकान निळं केलं. बाईंनी मात्र मंगळवारपासून नाश्त्याची अंडी न खाता तशीच ठेवायला सुरुवात केली.

बुधवारी मी कॉफी ओतताना विचारलं, "काय झालंय तरी?"

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "सबंध हंगामाची सरासरी बघितली तर आपण टिकतो. पण हे दक्षिणेतले बास्केट झाली की लगेच अख्ख्या कोर्टभर अंगावर येतात. असं खेळणारे संघ आपल्याला हंगामात तीनच भेटले. ते तीन सामने मी वेगळे काढले. तिन्ही हरलो. एकतीस वेळा ब्रिनच्या हातून चेंडू गेला, त्यातल्या बावीस वेळा डावीकडच्या रेषेपाशी. दोघी अंगावर आल्या की ती डावीकडेच पळते. तिला स्वतःला ते ठाऊक नाही."

"आणि आपल्या पोरींच्या प्रशिक्षकांना?"

"त्यांना सरासरी आवडते," बाई म्हणाल्या. वही मिटून त्यांनी विचारलं, "सांगू का रे तिला?"

तेव्हा माझी जीभ कुणी हासडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "बाई, सामन्याच्या तोंडावर पोरीला कशाला घाबरवता? पाय अडखळेल तिचा."

गुरुवारी साडेअकराला ब्रिनचा फोन आला. बाईंनी तो स्पीकर लावून टेबलावर ठेवूनच घेतला, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून. अख्खी खाणावळ कान टवकारून होती.

"आजी, आकड्यांत काही दिसलं का? खरं सांग हं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी गल्ल्यातली नाणी सारखी करत राहिलो.

"काही नाही गं. तुम्ही जिंकताय."

"शाईनं लिहिणार?"

"शाईनं."

आणि त्यांनी लिहिलं. बारा वाजता कागद लागला, पोस्टमन मर्लनं लगेच फोटो काढून ब्रिनला पाठवला. टाळ्या पडल्या. बाई कुणाकडे न बघता कोट चढवून निघून गेल्या. वही टेबलावरच विसरल्या, ती मी घरी पोचवली. चाळीस वर्षांत त्या काही विसरल्याचं मला आठवत नाही.

शुक्रवारी दुपारी सामना. खाणावळीत उभं राहायला जागा नव्हती. बाई टीव्हीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण बघत होत्या टेबलाकडे. पहिल्या पाच मिनिटांतच ब्रिन दोघींच्या कचाट्यात सापडली आणि डावीकडे पळाली. चेंडू गेला. पुन्हा डावीकडे, पुन्हा गेला. मर्ल ओरडला, "अगं उजवीकडे मोकळं आहे की!" बाईंनी डोळे मिटून घेतले. प्रत्येक वेळी लोक हळहळले की त्यांचे ओठ हलायचे. त्या मोजत होत्या. आम्ही अकरा गुणांनी हरलो.

रविवारी दुपारी ब्रिन आली. डोळे सुजलेले, पण आवाज शांत. समोर बसली.

"येताना बसमध्ये सामना पुन्हा बघितला मी. चौदा वेळा चेंडू घालवला, त्यात अकरा वेळा डावीकडे. आजी, तुला हे दिसलं नसेल असं होऊच शकत नाही."

बाईंनी वही उघडून तिच्यापुढे सरकवली. ब्रिननं ते पान वाचलं. तारीख बुधवारची होती.

"मी म्हणालो त्यांना," मी मधेच बोललो. "चूक माझी आहे."

"तुम्ही गप्प बसा, काका," ती म्हणाली आणि आजीकडे वळली. "मला एक दिवस पुरला असता. फक्त उजवीकडे वळायचं होतं."

"तुझं मन खचू नये म्हणून गं..."

"माझं मन अख्खं गाव जपत होतं, आजी. पाट्या रंगवून, टाळ्या वाजवून. मी कुणाचंच खरं धरलं नाही. तुझा कागद बघितला आणि निवांत झोपले."

ब्रिननं आजीचा हात क्षणभर धरला, मग सोडला आणि ती गाडीकडे गेली.

बाई आजही सातला येतात. मी कॉफी ओततो. गेल्या आठवड्यात बिलात माझी चूक झाली होती, त्यांचं बोट त्या आकड्यावर थांबलं, पण त्यांनी मला ती सांगितली नाही, लिहिले होते तेवढे पैसे ठेवून गेल्या.